घळीतल्या ओढ्यातून चालताना: पाणी ओलांडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन्ही बाजूंना उंच कातळ, मधून ओढा, आणि पायवाट कधी या काठाला तर कधी त्या. अशा वाटेवर दिवसभरात वीस-तीस वेळा पाण्यात उतरावं लागतं. पहिल्यांदा जाणारे जे प्रश्न मला नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पाणी ओलांडण्याचा आणि लोंढ्याचा भाग लांबला आहे, पण तो मुद्दाम लांबवला आहे. वेळ कमी असेल तर निदान तेवढा वाचा.

पायवाट इतक्या वेळा ओढा का ओलांडते? एकाच काठाने का जात नाही?

कारण एकच काठ सलग मिळत नाही. घळीतला ओढा नागमोडी वाहतो. वळणावर पाण्याचा सगळा जोर बाहेरच्या अंगाला असतो. तिथे ते कातळाचा पाया खात राहतं, त्यामुळे त्या बाजूला पाणी खोल आणि थेट भिंतीला भिडलेलं असतं. आतल्या अंगाला प्रवाह मंदावतो आणि सोबत आणलेली वाळू, गोटे तिथे टाकून देतो. चालायला सपाट जागा मिळते ती हीच. पुढचं वळण उलट्या बाजूचं, म्हणून सपाट जागाही उलट्या काठाला. वाट या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर जाते आणि मध्ये प्रत्येक वेळी ओढा आडवा येतो.

हे एकदा डोक्यात बसलं की त्याचा चालताना फार उपयोग होतो. एक वळण संपून दुसरं सुरू होण्याआधी प्रवाह एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. तिथे पात्र सहसा रुंद आणि उथळ असतं, पाणी गोट्यांवरून खळखळत जातं. ओलांडायला आधी ती जागा बघावी. संथ, हिरवट, गुळगुळीत दिसणारं पाणी म्हणजे डोह. तो शांत दिसतो म्हणून सोपा वाटतो, पण खळखळाट करणारं पाणी बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा उथळ असतं.

मला पोहता येत नाही. मी जाऊ शकते का?

पाणी गुडघ्याच्या वर जात नाही अशी वाट असेल, दिवस कोरडे असतील आणि सोबत ती वाट माहीत असलेलं कुणी असेल, तर जा. वाटेत पोहून पार करावा लागणारा डोह असेल तर नको. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. तलावातलं पोहणं इथे फारसं कामी येत नाही. घळीत माणसं बुडतात ती बरेचदा कमरेएवढ्या, जोराच्या, दगडगोट्यांच्या पाण्यात, आणि तिथे हात मारायला जागाच नसते.

किती पाण्यात उतरणं सुरक्षित आहे?

नुसत्या खोलीवर याचं उत्तर देता येत नाही. खोली आणि वेग दोन्ही एकत्र बघावे लागतात. वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतो. म्हणून मांडीभर संथ पाण्यातून आरामात जाणारा माणूस गुडघाभर धावत्या पाण्यात आडवा होतो.

वेग मोजायची साधी रीत आहे. काठावर अंदाजे दहा मीटर अंतर धरा, वरच्या अंगाला प्रवाहात काटकी टाका आणि सेकंद मोजा. दहा सेकंद लागले तर वेग सेकंदाला १ मीटर. आता खोली मीटरमध्ये धरून वेगाशी गुणा. ऑस्ट्रेलियात पुराच्या पाण्याबाबत वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत धडधाकट प्रौढ माणसासाठी हा गुणाकार ०.६ च्या आत आणि लहान मुलांसाठी ०.४ च्या आत असेल तरच धोका कमी मानला आहे. म्हणजे सेकंदाला १ मीटर वेगात अर्धा मीटर खोली, साधारण गुडघ्याएवढं पाणी, प्रौढाला जमण्यासारखं आहे. त्याच वेगात ८० सेंटीमीटर, म्हणजे मांडीभर पाणी, ही रेषा ओलांडतं. शिवाय हे आकडे सपाट तळासाठी आहेत. शेवाळलेले गोटे आणि पाठीवरची सॅक त्यात धरलेली नाही. म्हणून मी स्वतः ०.५ ला थांबते.

खोलीचा अंदाज नजरेने करू नका. प्रकाश पाण्यातून बाहेर पडताना वाकतो आणि तळ आहे त्यापेक्षा वर आल्यासारखा दिसतो. वरून सरळ बघितलं तरी खरी खोली दिसते त्याच्या सव्वापटीहून जास्त असते, तिरकं बघितलं तर आणखी. साठ सेंटीमीटर वाटणारं निवळशंख पाणी ऐंशी भरतं. काठीने मोजा. पाणी गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल, तर ते खोलच आहे असं धरून चाला.

ओलांडायची नेमकी जागा कशी ठरवायची?

उतरण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघत उभे राहा. बघायचा क्रम असा ठेवा की नजर पलीकडच्या काठावर शेवटी जाईल. आधी खालच्या अंगाला बघा. इथे पाय सुटला तर मी कुठे जाईन? खाली उथळ वाळू असेल तर चूक माफ होते. खाली धबधब्याची कड, अरुंद फट किंवा पाण्यात आडवं पडलेलं झाड असेल, तर इथे पाणी घोट्याएवढं का असेना, जागा बदला. आडव्या झाडाची भीती सगळ्यात जास्त बाळगावी. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो आणि मागचं पाणी त्याला दाबून धरतं.

मग पृष्ठभाग वाचा. दोन दगडांमधून निघणाऱ्या लाटांचं टोक खालच्या अंगाला रोखलेलं असेल तर तिथून मोकळी, खोल धार जाते. टोक वरच्या अंगाला असेल तर त्या टोकाशी पाण्याखाली दगड आहे. शेवटी पलीकडचा काठ. बाहेर पडायला जागा आहे ना, की पाणी ओलांडून ओल्या कातळाला चिकटून राहायची वेळ येणार?

रुंद जागा बघून पुष्कळ जण कचरतात आणि अरुंद जागा शोधतात. हे अगदी उलट आहे. तेवढंच पाणी अरुंद जागेतून जायचं तर ते खोल तरी होतं किंवा वेगवान तरी, बहुधा दोन्ही.

दगडावरून दगडावर उड्या मारत जाण्याचा मोह फार असतो. मी कित्येक घोटे मुरगळलेले पाहिले आहेत, आणि त्यातले बहुतेक शूज कोरडे ठेवण्याच्या हौसेपायी. ओला दगड, त्यावर शेवाळाचा पातळ थर, वर पाठीवर ओझं. त्यापेक्षा सरळ पाण्यात उतरा. तळाला टेकलेला पाय दगडावर टेकलेल्या पायापेक्षा भरवशाचा.

पाण्यात प्रत्यक्ष चालायचं कसं?

तोंड वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या दिशेला. काठी समोर रोवायची आणि तिच्यावर किंचित भार द्यायचा. काठी आणि दोन पाय मिळून तिवई होते. एका वेळी तिघांतलं एकच हलवा. काठी हलली की पाय स्थिर, पाय हलला की काठी स्थिर. पाऊल उचलून टाकू नका, तळ चाचपत सरकवा. पायावर पाय येऊ देऊ नका. प्रवाहाला थेट छेद देण्यापेक्षा थोडं खालच्या अंगाला तिरकं सरकत गेलं की ओढ सोसायला सोपी जाते. नजर पलीकडच्या काठावरच्या एखाद्या खुणेवर ठेवा. वाहत्या पाण्याकडे एकटक पाहिलं की गरगरतं.

सॅकच्या छातीचा पट्टा आधीच सोडा. कमरेच्या पट्ट्याबद्दल अनुभवी लोकांत दोन मतं आहेत. काही जण तो बांधलेला ठेवतात, कारण सैल सॅक हलून तोल घालवते आणि आतून नीट बंद केलेली सॅक तरंगतेही. मी सोडून ठेवते, कारण सॅक एखाद्या दगडात अडकली तर मला तिच्यातून सुटता आलं पाहिजे. तुम्ही काहीही ठरवा, पण एका हाताने तो पट्टा क्षणात सुटतो की नाही हे घरी करून बघा.

मध्यावर गेल्यावर जमेनासं वाटलं तर वळू नका. वळताना क्षणभर अंगाची पूर्ण रुंदी प्रवाहाला मिळते. तोंड वरच्या अंगालाच ठेवून, आल्या पावली मागे सरका.

गटाने जायचं तर हात धरून साखळी करावी का?

ओढ्याला आडवी, लांबलचक साखळी करू नका. एक जण घसरला की तो दुसऱ्यालाही ओढतो.

न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात नद्या ओलांडताना इतके वसाहतकार बुडाले की बुडून मरण्याला तिथे ‘न्यूझीलंडचं मरण’ म्हणायचे. आज त्याच देशात नदी ओलांडायची पद्धत अगदी नीट शिकवली जाते. चार-पाच जण खांद्याला खांदा लावून, प्रवाहाच्या दिशेला समांतर ओळ धरतात. सगळ्यांची तोंडं पलीकडच्या काठाकडे. प्रत्येकाचा हात शेजाऱ्याच्या पाठ आणि सॅकच्या मधून जातो आणि सॅकचा पट्टा किंवा कपडा घट्ट पकडतो. सगळ्यात दणकट माणूस वरच्या टोकाला. तो पाणी फोडतो आणि त्याच्या आडोशाला बाकीच्यांवरचा जोर कमी होतो. सगळ्यात हलका किंवा घाबरलेला माणूस मध्ये. मग सगळे एकदम, एका चालीत पुढे. कुणाचा पाय सुटला तर शेजारचे दोघे त्याला धरून ठेवतात.

हे भर प्रवाहात पहिल्यांदा करू नका. सकाळी पहिल्या, घोट्याएवढ्या पाण्यात दोनदा सराव करा. त्यात जाणारी दहा मिनिटं संध्याकाळी वसूल होतात.

दोर कमरेला बांधून ओलांडलं तर जास्त सुरक्षित ना?

नाही. दोर ताणला की पाणी बांधलेल्या माणसाला खाली दाबतं आणि तो बाहेर काढता येत नाही. वाहत्या पाण्यात कुणालाही दोराने बांधू नये. दोराचा योग्य वापर शिकवणारे अभ्यासक्रम असतात. ते केल्याशिवाय दोर सॅकमध्येच राहू द्या.

पाय सुटला आणि वाहून जायला लागलो तर?

उभं राहायची घाई करू नका. ती घाईच जीवघेणी ठरते. जोराच्या पाण्यात पाय खाली टाकला आणि तो दोन दगडांच्या बेचक्यात अडकला, तर प्रवाह अंगाला पुढे ढकलतो, पाय तिथेच राहतो आणि डोकं पाण्याखाली जातं. कमरेएवढ्या पाण्यातही असं होतं.

पाठीवर पडा, पाय पृष्ठभागाजवळ आणि खालच्या अंगाला. दगड आला तर पायाने ढकलता येतो. हातांनी वल्ह्यासारखं पाणी मारत तिरकं काठाकडे सरका. दगडाच्या मागच्या शांत पाण्यात किंवा उथळात पोहोचून अंग तळाला घासायला लागलं की मगच उठा. समोर आडवं झाड दिसलं आणि टाळता येत नसेल, तर तेवढ्यापुरता पवित्रा बदला. पालथं होऊन, डोकं पुढे करून, जीव खाऊन हातपाय मारा आणि झाडाच्या वर चढायचा प्रयत्न करा. त्याच्याखालून जायचं नाही.

सॅक ओढत असेल तर सोडून द्या. म्हणूनच गाडीची किल्ली, ओळखपत्र, काडेपेटी आणि शिट्टी सॅकमध्ये न ठेवता अंगावर ठेवावी.

प्रत्येक वेळी शूज काढायचे का?

नाही. पायात काहीतरी असलंच पाहिजे, आणि वीस वेळा काढ-घाल कुणाच्याने होत नाही. लवकर निथळणारे, जाळीदार वरच्या भागाचे, पकड असलेले शूज घाला आणि ते दिवसभर ओलेच राहणार हे सकाळीच मान्य करून टाका. पाणी आत येऊ न देणारे महागडे शूज इथे गैरसोयीचे, कारण वरून शिरलेलं पाणी बाहेरही जात नाही. सँडल घालायच्या तर बोटं झाकलेल्या आणि टाचेला पट्टा असलेल्या.

सॉक्स सुती नकोत. लोकरीचे पातळ किंवा सिंथेटिक बरे. पाणी फार गार असेल तर निओप्रीनचे. तळवे तासन्‌तास भिजले की पांढरे, सुरकुतलेले आणि मऊ पडतात, मग वाळूचा एक कणही कातडी सोलतो. निघताना पेट्रोलियम जेली चोळा, जेवणाच्या थांब्याला शूज-सॉक्स काढून पाय पूर्ण कोरडे होऊ द्या, शूजमधली वाळू झटका. मुक्कामी झोपताना घालायला सॉक्सचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत (ड्राय बॅगमध्ये) राखून ठेवा आणि काहीही झालं तरी तो दिवसा काढू नका.

आभाळ निरभ्र असताना लोंढा कसा येईल?

येतो. घळीत तुमच्या डोक्यावर आभाळाची एक चिंचोळी पट्टी दिसते. ओढ्यात पाणी मात्र साऱ्या पाणलोटातून येतं, आणि तो कित्येक किलोमीटर पसरलेला असू शकतो. कातळ पाणी जिरवत नाही. वर तासभर मुसळधार पाऊस पडला की ते सगळं एकाच अरुंद वाटेने खाली येतं, आणि जागा अरुंद म्हणून पाणी उंच चढतं.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात लोअर अँटिलोप कॅनियन या अरुंद घळीत लोंढा आला आणि ११ पर्यटकांचा जीव गेला. घळीवर पाऊस नावालाच होता. वादळ वरच्या अंगाला, मैलोन्‌मैल दूर कोसळलं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये शेजारच्या युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात कीहोल कॅनियनमध्ये सात जणांच्या गटाचा असाच जीव गेला. लोंढ्याच्या शक्यतेचा इशारा त्या दिवशी दिलेला होता. ही दोन्ही ठिकाणं आजही तितकीच सुंदर आहेत आणि निरभ्र दिवशी तितकीच निरुपद्रवी दिसतात.

म्हणून हवामानाचा अंदाज आपण चालणार त्या जागेचा बघून भागत नाही, ओढ्याच्या उगमापर्यंतच्या सगळ्या भागाचा बघावा लागतो. नकाशावर पाणलोटाची हद्द बोटाने फिरवून बघा. वर कुठेही वादळी पावसाची शक्यता असेल तर अरुंद घळीत शिरू नका. ‘दुपारनंतर आहे, आपण तोवर बाहेर पडू’ हा हिशेब करू नका.

लोंढा येतोय हे आधी कळतं का?

कधी कळतं, कधी नाही. निवळ पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या, पानं, फेस वाहत येणं, काठावर ठेवलेल्या खुणेपेक्षा पाणी चढणं, वरच्या अंगाकडून वाऱ्याचा झोत किंवा आगगाडीसारखी घरघर. पाणी एकाएकी कमी झालं तरी सावध व्हा, वर कुठे दरड पडून ते अडलं असेल आणि तो बांध फुटणार असेल.

यातलं एकही दिसलं तर चर्चा नको. सामान सोडा, उंचावर चढा. खालच्या अंगाला पळू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येतं. म्हणून अरुंद भागात चालताना दर काही मिनिटांनी एक प्रश्न स्वतःला विचारत राहायचा: आत्ता पाणी आलं तर मी कुठे चढेन? कपारी, उतरणीचे ढीग, झाडं असलेले उंचवटे. फांद्यांत डोक्याच्या वर अडकलेला वाळका पालापाचोळा दिसला तर नीट बघून घ्या. मागचा पूर तिथवर आला होता, म्हणजे तुमची उंच जागा त्याच्याही वर हवी.

आज ओढ्याला किती पाणी आहे हे निघण्यापूर्वी कसं कळेल?

काही ठिकाणी प्रवाह मोजणारी केंद्रं असतात आणि आकडे रोज जाहीर होतात. झायनमधली ‘द नॅरोज’ ही वाट याचं चांगलं उदाहरण आहे. व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेतून, म्हणजे अक्षरशः पात्रातून ती जाते. वरून खाली पूर्ण केली तर जवळपास २६ किलोमीटर. अरुंद जागी पात्राची रुंदी सहा-सात मीटर आणि भिंती तीनशे मीटरच्या आसपास. प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या, म्हणजे सुमारे सव्वाचार हजार लिटरच्या वर गेला की उद्यान ती वाट बंद करतं. वसंतात बर्फ वितळत असताना ती बरेचदा बंदच असते.

असा आकडा मिळत नसेल तर कालपरवा तिथून आलेल्यांना किंवा खालच्या वस्तीतल्या लोकांना विचारा. प्रश्न नेमका करा. ‘पाणी आहे का?’ याला सगळे ‘आहे थोडं’ म्हणतात. ‘सगळ्यात खोल जागी पाणी कुठवर आलं, आणि त्यात ओढ किती होती?’ असं विचारा.

दिवसाची कोणती वेळ चांगली?

सकाळ. बर्फाचं पाणी येणाऱ्या ओढ्यांना तर नक्कीच. रात्री वितळणं मंदावतं म्हणून पहाटे-सकाळी पाणी सर्वांत कमी असतं आणि दुपारी उशिरा ते चढतं. सकाळी गुडघ्याखाली ओलांडलेली जागा परतताना मांडीवर येऊ शकते. तिथेच, त्याच दगडाशी, तुम्ही फसता. म्हणून जाताना प्रत्येक मोठ्या ओलांडणीपाशी काठावरच्या एखाद्या दगडाची खूण मनात धरा. परतताना तो बुडलेला असेल तर हे सकाळचं पाणी नाही, पुन्हा पहिल्यापासून बघा.

किती वेळ धरावा?

सपाट वाटेवर तुम्ही तासाला चार किलोमीटर चालत असाल तर इथे दीड-दोन धरा. गटात सहा माणसं असतील तर एकेका ओलांडणीला पाच-सात मिनिटं सहज जातात, तीस ओलांडण्या म्हणजे नुसत्या त्यातच तीन तास. परत फिरायची वेळ घड्याळावर ठरवा, ठिकाणावर नको. शेवटची पाच-सहा ओलांडणं हेडलॅम्पच्या उजेडात करावी लागली तर तो बेत चुकला होता. दमलेले पाय, गार पडलेलं अंग, आणि आता काय, झालंच, म्हणून सैलावलेलं मन. पहिल्या पाण्यापाशी दोन मिनिटं थांबून बघणारी माणसं अठ्ठाविसाव्याला न बघता उतरतात. मी स्वतः एकदा अशीच उतरले होते. त्या दिवशी गुडघा फुटला आणि काठी गेली, तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून गटात शेवटच्या तासाला पुढे कोण असेल हे सकाळीच ठरवून ठेवते, आणि तो माणूस सगळ्यात कमी दमणारा असतो.

पलीकडे गेल्यावर वाट सापडत नाही. काय करावं?

काठाने तीस-चाळीस मीटर वर आणि तेवढंच खाली बघा. बहुतेक वेळा वाट तुम्ही बाहेर पडलात त्याच्या जराशी वर असते, कारण प्रवाहाने तुम्हाला खाली सरकवलेलं असतं. गवतात पडलेली फट, घासलेली माती, दगडावर दगड रचलेली खूण शोधा. नाही सापडली तर पुढचं वळण बघा, आतल्या बाजूचा पट्टा कुठल्या काठाला आहे ते ठरवा आणि तिकडे जा. झाडोऱ्यात घुसून वर चढू नका.

जीपीएसवर फार विसंबू नका. उंच भिंतींमध्ये उपग्रह कमी दिसतात, संकेत कातळावर आपटून येतात आणि फोन तुम्हाला पलीकडच्या कड्यावर उभं दाखवतो. मोबाइलची रेंज तर धरूच नका. कुठून शिरणार, कुठून निघणार, किती वाजेपर्यंत बातमी नाही आली तर कुणाला कळवायचं, हे घरी लिहून ठेवून जा.

ओढ्याचं पाणी पिता येईल का?

थेट नाही, कितीही निवळ असलं तरी. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी डोळ्यांना दिसत नाहीत. उकळी फुटल्यावर १ मिनिट उकळा, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं. क्लोरिनच्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियम सहसा दाद देत नाही, त्यासाठी चांगला फिल्टर हवा. साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवी साय किंवा चिकट थर असेल तर ते पाणी घेऊच नका. तो थर सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंचा असू शकतो, आणि त्यांचं विष उकळूनही जात नाही आणि साध्या फिल्टरनेही नाही. २०२० मध्ये व्हर्जिन नदीत ते आढळलं तेव्हा एका कुत्र्याचा जीव गेला होता. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरण्याआधी ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका. लेप्टोस्पायरोसिस जखमेतूनही होतो.

ऊन असताना थंडीची काळजी कशाला?

घळीच्या तळाला ऊन काही तासच पोहोचतं. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने खेचून घेतं, त्यात ओल्या कपड्यांवर वारा. सोबतचा माणूस थरथरतोय, बोलताना अडखळतोय, शूजची नाडी बांधता येत नाहीये, उगाच चिडतोय, तर पुढचं पाणी ओलांडू नका. कोरडे कपडे, टोपी, आडोसा, काहीतरी गोड खायला. थरथर आपोआप थांबली पण माणूस मलूल झाला, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नसून बिघडल्याचं आहे. एक कोरडा जोड आणि पातळ गरम जाकीट दुहेरी पिशवीत ठेवाच. सॅकवरचं पावसाळी आवरण पाण्यात पडल्यावर काहीही वाचवत नाही.

डोहात उडी मारावीशी वाटते.

उडी मारू नका. मागच्या पुराने तळाशी काय आणून टाकलंय ते कुणालाच माहीत नसतं. काठाने हळूहळू उतरून पोहा.

मुक्काम आणि शौचाचं काय?

तंबू पुराच्या खुणेच्या वर. काठची मऊ वाळू कितीही खुणावत असली तरी ती पुरानेच आणून टाकलेली आहे. रुंद जागी तंबू आणि शौच दोन्ही पाण्यापासून निदान ६० मीटर दूर, शौचासाठी १५-२० सेंटीमीटर खोल खड्डा. घळ इतकी अरुंद असेल की ६० मीटर मिळतच नाहीत, तर त्यासाठी मिळणाऱ्या पिशवीत भरून सोबत परत न्यायचं. ऐकायला अवघड वाटतं, करायला वाटत नाही. खालच्या अंगाला तेच पाणी कुणीतरी पितं.

घरी आल्यावर शूज धुणं एवढं महत्त्वाचं का?

एका ओढ्यातलं शेवाळ, बुरशी, बिया दुसऱ्या ओढ्यात आपणच नेतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ मध्ये डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं आणि नद्यांचे तळ त्याच्या जाड, लोकरीसारख्या थराखाली झाकले गेले. ते असलेल्या पाण्याचा एक थेंबही ते नव्या ओढ्यात रुजायला पुरतो. चिखल घासून काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, मग आतपर्यंत पूर्ण वाळू द्या आणि वाळल्यावरही दोन दिवस थांबा. तळाला नमदा लावलेले शूज नीट वाळतच नाहीत, म्हणून ते टाळा.

पुढचं पाणी जास्त आहे आणि मागचंही वाढलंय. मध्येच अडकलो तर?

थांबा. उंच, पुराच्या खुणेच्या वरची जागा धरा आणि थांबा. लहान पाणलोटाचा ओढा जसा भराभर चढतो तसाच पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतोही. बर्फाचं पाणी असेल तर पहाटेपर्यंत. काठावर एक काठी पाण्याच्या कडेला रोवा आणि अर्ध्या तासाने बघा, चढतंय की उतरतंय ते कळेल. कोरडे कपडे घाला, जमिनीवर थेट बसू नका, सॅकवर बसा. सोबत एका रात्रीचं जास्तीचं खाणं, चमकदार आपत्कालीन पांघरूण आणि हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्या असतील तर ती रात्र त्रासाची जाईल, पण निभावेल. शिट्टीच्या तीन फुंका, मग मिनिटभर शांतता, पुन्हा तीन. ओढ्याच्या आवाजात हाका ऐकू जात नाहीत.